रोजच्या पूरक गोळ्या : विकत घेण्यापूर्वी एवढे वाचावे

दांडिया बाजार, बडोदे येथील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या औषधांच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ज्या वस्तूंची मागणी होते, त्यांत जीवनसत्त्वांच्या, कॅल्शियमच्या आणि ‘ताकदीच्या’ गोळ्यांचा मोठा वाटा आहे. पुष्कळ ग्राहक ‘रोज घ्यायला एखादी चांगली गोळी द्या’ असे सांगतात. एखादे नाव सांगून गोळीची स्ट्रिप हातात ठेवणे आम्हाला सोपे आहे; परंतु एकाला आवश्यक असलेली गोळी दुसऱ्याला निरुपयोगी आणि तिसऱ्याला अपायकारक ठरू शकते, म्हणून विक्रीपूर्वी आम्ही दोन-चार प्रश्न विचारतो. ते प्रश्न का विचारतो, हे या पत्रकात सांगितले आहे.

आमचा निकष एकच आहे. शरीरात नेमकी कशाची उणीव आहे, किंवा होण्याचा दाट संभव आहे, हे नाव घेऊन सांगता आले पाहिजे. ही उणीव रोजच्या जेवणावरून, वयावरून, गरोदरपणावरून, चालू असलेल्या एखाद्या औषधावरून किंवा रक्ततपासणीवरून कळते. ‘थकवा येतो’ एवढ्यावरून ती कळत नाही, कारण थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, अनियंत्रित मधुमेह, अपुरी झोप किंवा मनाची उदासी यांपैकी काहीही असू शकते, आणि गोळी सुरू करून दोन-तीन महिने वाट पाहण्यात मूळ आजाराचे निदान लांबते.

जीवनसत्त्व बी-१२

बडोद्यातील मराठी घरांचा विचार करता आम्ही सर्वांत आधी या जीवनसत्त्वाचे नाव घेऊ. काही घरांत आजही मासे-मटण शिजते. पण अनेक कुटुंबे मुळात शाकाहारी आहेत आणि काही पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहून तशी झाली आहेत. बी-१२ हे सूक्ष्म जीवाणूच तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच पोहोचते. डाळी, धान्ये, भाज्या आणि फळे यांत ते नसते. ढोकळा किंवा इडलीचे पीठ आंबवल्याने ते पुरेसे मिळते, असा समज आहे. त्यावर विसंबू नये. स्पिरुलिना या शेवाळासारख्या वनस्पतीच्या गोळ्यांत जे बी-१२ आढळते, ते बहुतांशी मानवी शरीराला उपयोगी न पडणारे रूप असते.

प्रौढ माणसाची दिवसाची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी नगण्य वाटावी इतकी असते. दोनशे मिलिलिटर दुधातून त्यांपैकी सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते. तेव्हा जो रोज दोन-तीन पेले दूध, दही किंवा ताक घेतो, त्याचे भागू शकते. परंतु ज्याच्या पोटात दूध जाते ते चहातून तेवढेच, आणि बाकीचे जेवण भाखरी, खिचडी, भाजी व अधूनमधून शेव-उसळ असे आहे, त्याला ही गरज भागवणे कठीण आहे. यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे उणीव हळूहळू वाढते आणि लक्षात येते तेव्हा बराच काळ लोटलेला असतो.

वय वाढले की पोटातील आम्ल कमी होऊन अन्नातील बी-१२ मोकळे होणे मंदावते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल सतत घेणारे ग्राहक यांनाही हाच धोका असतो. साठीच्या पुढचे शाकाहारी गृहस्थ, हातात मेटफॉर्मिनची जुनी चिठ्ठी, आणि ‘रात्री पायांना मुंग्या येतात’ ही तक्रार, असे तिन्ही एकत्र आले की आम्ही त्यांना गोळी देण्याआधी बी-१२ची रक्ततपासणी करून घेण्याचा आग्रह करतो. मुंग्या व तळपायांची आग मधुमेहानेही होते आणि बी-१२च्या उणिवेनेही होते. तपासणीशिवाय दोहोंतला फरक सांगता येत नाही. अंधारात तोल जाणे, जीभ लाल होऊन हुळहुळणे, विसरभोळेपणा वाढणे ही लक्षणेही दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. मज्जातंतूंना झालेली इजा फार काळ राहिली तर पूर्णपणे भरून येईलच असे नसते, म्हणून या बाबतीत आम्ही चिकाटी धरतो. केवळ फॉलिक ॲसिड (बी गटातलेच दुसरे एक जीवनसत्त्व) घेत राहिल्यास रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण बी-१२अभावी मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते, हेही ध्यानात ठेवावे.

गोळीवर ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅम असा आकडा पाहून काही ग्राहक दचकतात. आतड्यातील नेहमीच्या मार्गाने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत शिरतात. त्यापलीकडच्या मात्रेतला शेकडा सुमारे एक भाग आपोआप झिरपतो. म्हणून हजारांतले दहाएक मायक्रोग्रॅम मिळतात आणि काम होते. बहुतेकांना रोजची गोळी पुरते. उणीव तीव्र असेल किंवा मज्जातंतूंवर परिणाम झाला असेल, तर इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांचा. सायनोकोबालामिन आणि मिथिलकोबालामिन या दोन्ही रूपांनी उणीव भरून निघते, त्यामुळे महागड्या रूपासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

येथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. शेजाऱ्यांना आराम पडला म्हणून त्यांची रिकामी स्ट्रिप घेऊन येणारे ग्राहक आम्हाला वरचेवर भेटतात. त्या स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत मिथिलकोबालामिन असते आणि खाली बारीक अक्षरांत प्रेगाबालिन असते. प्रेगाबालिन हे जीवनसत्त्व नव्हे. ते मज्जातंतूंच्या वेदनेवरचे औषध असून त्याने गुंगी येते, वृद्धांचा तोल जाऊ शकतो आणि ते अचानक बंदही करता येत नाही. ‘नसांच्या गोळ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत बी-६ची मात्राही मोठी असते, आणि ती दीर्घकाळ घेतल्यास त्याच मुंग्या उलट वाढू शकतात. अशी स्ट्रिप आम्ही चिठ्ठीवाचून देणार नाही.

जीवनसत्त्व डी आणि कॅल्शियम

जीवनसत्त्व डीचे ६०,००० आय.यू.चे (आय.यू. हे मात्रा मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) पाकीट किंवा कॅप्सूल हे उणीव भरून काढण्याचे औषध आहे. ते सामान्यतः आठवड्यातून एकदा, सुमारे आठ आठवडे दिले जाते. निरोगी प्रौढाची दिवसाची गरज सुमारे ६०० आय.यू. धरली जाते, म्हणजे एका पाकिटात शंभर दिवसांची गरज सामावलेली असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास, आणि अशी चूक घराघरांत होते, रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, खूप तहान, वारंवार लघवी असे त्रास सुरू होतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, त्यामुळे घेणे थांबवल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही. आमच्याकडून पाकीट घेताना त्यावर आम्ही वार लिहून देतो. घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही तोच वार खुणेने नोंदवावा.

बडोद्यात उन्हाची टंचाई नाही, पण उन्हाचा उपयोग अंगावर पडले तरच होतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि दिवसभर कार्यालयात किंवा घरात राहणाऱ्याची पातळी म्हणूनच कमी निघू शकते. मात्र ज्यांच्यात उणीव नाही, त्यांनी रोजची गोळी घेतल्याने मोठे आजार टळतात असे आढळलेले नाही. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांना घेऊन केलेल्या ‘व्हायटल’ या चाचणीत काहींना रोज २००० आय.यू. आणि काहींना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी सुमारे पाच वर्षे देण्यात आली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा कर्करोग होण्याचे किंवा हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते, आणि २०२२ मध्ये हाडे मोडण्याबाबतही तसेच दिसले. २०२४ साली अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेने पंच्याहत्तर वर्षांखालील निरोगी प्रौढांनी नेहमीच्या गरजेपेक्षा अधिक डी सरसकट घेऊ नये, आणि पंच्याहत्तरीनंतर मात्र ते घेणे विचारात घ्यावे, असा सल्ला दिला.

कॅल्शियमच्या बाबतीत स्ट्रिप नीट वाचणे महत्त्वाचे आहे. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल, तर त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. प्रौढाची दिवसाची गरज सुमारे १००० मिलिग्रॅम असून शंभर मिलिलिटर दुधातून साधारण १२० मिलिग्रॅम मिळते. नाचणी, तीळ आणि दही यांचा हिशेब त्यात मिळवावा आणि उरलेली तूट असेल तेवढीच गोळीने भरावी. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेण्यात लाभ नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावे. सायट्रेट केव्हाही चालते. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर हवे. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि पाठोपाठ नाश्त्यासोबत कॅल्शियम असा क्रम चालू असेल, तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडे बिघडतात आणि दोष औषधाला दिला जातो.

एका आजींनी काउंटरवर आपली पिशवी रिकामी केली, तेव्हा तीत कॅल्शियमची गोळी, बहुजीवनसत्त्वांची कॅप्सूल, ‘हाडांसाठी’ असलेली दुधात घालायची पूड आणि साप्ताहिक पाकीट अशा चार वस्तू निघाल्या. चारही वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या व्यक्तींनी सुचवलेल्या होत्या आणि चारही वस्तूंत जीवनसत्त्व डी होते. बेरीज कोणीच केली नव्हती.

लोह आणि फॉलिक ॲसिड

लोहाची गोळी हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय सुरू करू नये. गरोदर स्त्रियांची गोष्ट वेगळी, त्यांना ती शासकीय कार्यक्रमानुसार दिलीच जाते आणि शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते. पुरुषांत किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रियांत लोह कमी निघाले, तर पोटातून कोठे रक्तस्राव होत नाही ना, हे पाहणे गोळीपेक्षा अधिक निकडीचे असते. गुजरातेत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. थॅलॅसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असलेल्यांचे हिमोग्लोबिन किंचित कमी आणि तांबड्या पेशी लहान असतात, पण लोह पुरेसे असते. लोहाणा व सिंधी समाजांत हे प्रमाण विशेष आहे आणि इतर समाजांतही वाहक आढळतात. अशा व्यक्तीने वर्षानुवर्षे लोह घेऊन उपयोग होत नाही. लोहाच्या गोळीसोबत लिंबाचे सरबत चालते, चहा चालत नाही. त्यात किमान तासाभराचे अंतर ठेवावे. या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, कारण मुठभर गोळ्याही बालकाच्या जिवावर बेतू शकतात.

मूल होण्याचा विचार असलेल्या प्रत्येक स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून गरोदरपणाचे पहिले बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यावे. बाळाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा पाया गर्भ राहिल्याचे कळण्याच्या सुमारासच घडत असतो, म्हणून उशीर करू नये. या पत्रकात आम्ही निःशंकपणे ‘घ्या’ म्हणत असलेली हीच गोळी आहे.

ज्यांवर पैसे घालवू नयेत असे आम्हाला वाटते

चौरस आहार घेणाऱ्या निरोगी माणसाला बहुजीवनसत्त्वांच्या गोळीने आजार टळतात, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन यांच्या मोठ्या मात्रा तर टाळाव्यातच. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढलेला आढळला. सी जीवनसत्त्वाने सर्दी टळत नाही, आणि रोज १००० मिलिग्रॅम घेतल्याने मुतखड्याचा धोका वाढू शकतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर थायरॉइडच्या व हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे निकाल त्यामुळे चुकू शकतात. तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे. हळदीच्या अर्काच्या व अश्वगंधाच्या कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. फोडणीतल्या हळदीची ही गोष्ट नव्हे.

खरेदी करताना डबीची मागची बाजू पाहावी. आरोग्य-पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर ‘एफएसएसएआय’ या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि ती औषधी वापरासाठी नसल्याचा मजकूर असतो, औषध म्हणून बनवलेल्या गोळीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. दोन्हींची वेष्टणे सारखीच चकचकीत असल्याने ग्राहकांची गल्लत होते. घटक व मात्रा तीच असेल, तर स्वस्त गोळी घ्यावी. जनऔषधी केंद्रात ती आमच्यापेक्षाही कमी दरात मिळत असेल, तर तेथून घेण्यात आम्हाला वावगे वाटत नाही.

घरात चालू असलेल्या सर्व स्ट्रिप, डब्या आणि पुड्या, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून दुपारी गर्दी कमी असताना दुकानात आणाव्यात. कोणता घटक किती वेळा येतो याची बेरीज आम्ही एका कागदावर लिहून देऊ. त्यासाठी शुल्क नाही आणि काही विकत घेण्याचे बंधन नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मूत्रपिंडाचा विकार असेल, शस्त्रक्रिया ठरलेली असेल, किंवा गोळी लहान मुलासाठी अथवा गरोदर स्त्रीसाठी असेल, तर तो कागद घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. या बाबतीत मात्रा आम्ही बदलून देत नाही.