मिठाच्या मोबदल्यात आलेली रेल्वे

रेल्वेच्या दुपदरीकरणाचा (शेजारी दुसरा रूळमार्ग टाकण्याचा) वाद निघाला की गोव्यातल्या मुरगाव बंदरापासून घाट चढून कर्नाटकातल्या कॅसलरॉकला जाणाऱ्या मार्गाला ‘पोर्तुगीजांनी घातलेली रेल्वे’ म्हटलं जातं. हे अर्धंच खरं. जमीन पोर्तुगीजांची, पण कंपनी आणि भांडवल लंडनचं. आणि किंमत चुकवली ती गोव्याच्या मिठागरांनी.

ब्रिटिश हद्दीत मिठावर जबर कर होता. गोव्याचं स्वस्त मीठ लमाणांच्या बैलांवरून घाट चढून जाई, ते इंग्रजांना खुपत होतं. डिसेंबर १८७८ च्या करारात पोर्तुगालने मिठागरांवरचं नियंत्रण इंग्रजांच्या हाती दिलं. वर्षाला ४ लाख रुपये भरपाई ठरली आणि मुरगाव बंदर रेल्वेने ब्रिटिश मुलखाला जोडायचं ठरलं. पोर्तुगीज सरकारला बंदर मिळालं. मिठावर पोट असणाऱ्यांना काय मिळालं, हे करारात शोधून सापडत नाही. १८९२ मध्ये करार संपला, रूळ तेवढे राहिले.

१८८८ मध्ये मीटरगेज गाडी कॅसलरॉकपर्यंत पोचली. दूधसागराजवळच्या घाटात दर ३७ फुटांना एक फूट असा चढ. कुळ्याला पोर्तुगीज जकात, कॅसलरॉकला ब्रिटिश, त्यामुळे प्रवाशाची ट्रंक दोनदा उघडायची. कंपनीला धंदा मात्र जमला नाही. भांडवलावर ५ टक्क्यांची हमी दिलेली, म्हणजे तोट्याचा भार पोर्तुगीज सरकारच्या तिजोरीवर. अखेर १९०२ मध्ये गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं.

मुरगाव बंदरालगतचं वास्को शहर वाढलं ते या बंदर-रेल्वेच्या जोडीवर. व्यापारी आले, हमाल आले, कारकून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली, तेव्हा लोकांनी जांबावलीला जाऊन दामोदराला साकडं घातलं आणि तिथून श्रीफळ आणलं, असं सांगतात. त्यातूनच श्रावणातला भजनी सप्ताह सुरू झाला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो बसतो. वेगवेगळ्या समाजांचे ‘पार’ म्हणजे मिरवणुका निघतात, अखंड भजन चालतं, आणि फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, तर पुढे कितीतरी दिवस रेंगाळते. वास्कोला नुसतं बंदराचं गाव म्हणणाऱ्याने एकदा त्या रात्री यावं.

ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारताने नाकेबंदी कडक केली. सीमेपलीकडची गाडी थांबली ती मुक्तीपर्यंत. खनिजाचं मात्र फारसं अडलं नाही, कारण मांडवी-जुवारी नद्यांतून मालवाहू बार्जी चालूच होत्या.

नव्वदच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. आता या रुळांवरून बंदरात उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. म्हणूनच नोव्हेंबर २०२० मध्ये दक्षिण गोव्यातल्या चांदरला लोक दुपदरीकरणाच्या विरोधात रात्रभर रेल्वे फाटकावर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.