खिडकीच्या सेक्शनची गाडी

घराच्या स्लायडिंग खिडक्या बदलायच्या होत्या म्हणून मागच्या पावसाळ्याआधी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात तासभर बसले होते. बारा फुटी अॅल्युमिनियमच्या सेक्शनचे, म्हणजे खिडकीच्या चौकटीच्या लांब पोकळ पट्ट्यांचे, तुकडे पडत होते. प्रत्येक कापानंतर टोकाचा उरलेला फूटभर भाग खाली डब्यात जायचा. मी त्यातला एक उचलला. कारागीर म्हणाला, "ताई, ते भंगारात जातं. कशाला नेताय?" कशाला ते मला त्याला नीट सांगता आलं नाही, पण त्याने नेऊ दिला.

घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो २१० ग्रॅम भरला. टोकाकडून डोळ्याला लावून पाहिला, तर आत दोन पोकळ कप्पे होते आणि मधून एक पातळ भिंत. वरच्या अंगाला रोलर धावायला दोन रुळ, कोपऱ्यात स्क्रू धरायला अर्धवट मिटलेल्या मुठीसारखी खाच. भिंतीची जाडी दीड मिलिमीटरपेक्षा कमीच. हे सगळं कोणी जोडलेलं नव्हतं, एका दमात तयार झालं होतं. पद्धत आपल्या चकलीच्या सोऱ्याची. तापवून मऊ केलेला अॅल्युमिनियमचा ठोकळा प्रेसने डायमधून रेटायचा. डायला जसा आकार, तसा सेक्शन सलग बाहेर येतो.

१९९६ साली बाजारात आलेल्या ब्रिटनच्या लोटस कंपनीच्या एलिस या छोट्या स्पोर्ट्स कारची चासी याच पद्धतीने बनली होती. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातलेला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, म्हणजे खिडक्यांच्या सेक्शनचंच घराणं. सेक्शन कापायचे, टोकं जुळवायची आणि इपॉक्सी गोंदाने चिकटवून भट्टीत पक्के करायचे. तयार चासीचं वजन ६८ किलो. एक धडधाकट माणूस जेवढ्या वजनाचा, तेवढा त्या गाडीचा सांगाडा! अख्खी गाडी साधारण सव्वासातशे किलोची होती. इंजिन १.८ लिटरचं, ११८ अश्वशक्तीचं, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम सेडानला असतं तसंच. तरीही शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ती सहा सेकंदांच्या आसपास गाठायची.

गेली दोन वर्षं रविवारी दुपारी आम्ही तीन मैत्रिणी, तिघीही मेकॅनिकल इंजिनिअर, ठाण्यात माझ्या घरी बसून अशाच एका गाडीचा आराखडा करतो आहोत. १९६२ च्या लोटस एलानसारखी दोन माणसांची, उघड्या टपाची, पण आजची आणि विजेवर चालणारी. हे काम करताना मला एक गोष्ट कळली. हलकेपणा महागड्या साहित्यातून येत नाही. तो येतो आकारातून आणि प्रत्येक किलोला हिशेब विचारण्यातून.

एलानपासून सुरुवात करते. वजन जेमतेम ६८० किलो. अंग फायबरग्लासचं, आणि पोटात पोलादी पत्र्याची एक चौकोनी नळी, समोर आणि मागे दोन फाटे फुटलेली, पाठीच्या कण्यासारखी. तिचे मुख्य अभियंता रॉन हिकमन (वर्कमेट हे घडीचं कामाचं टेबलही त्यांचंच). फायबरग्लासच्या अंगावर काम चालू असताना सस्पेन्शनच्या (चाकांचे धक्के जिरवणाऱ्या यंत्रणेच्या) चाचण्या अडू नयेत म्हणून त्यांनी हा कणा तात्पुरता जुळवला होता. तो इतका हलका आणि इतका ताठ निघाला की गाडीत तोच कायम राहिला.

तो इतका ताठ का, हे समजून घ्यायला दिवाळीतला मिठाईचा रिकामा खोका पुरतो. झाकण काढा आणि दोन टोकं धरून पिळा. सहज पिळला जातो. आता झाकण लावून चारही बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, वजन झाकणापुरतंच वाढलं, पण खोका हलत नाही. बंद नळी पिळाला विरोध करते, उघडी करत नाही. हा फरक आकड्यात पाहिला की छाती दडपते. ५० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची नळी घ्या आणि करवतीने तिला लांबीभर फक्त एक चीर द्या. धातू जवळपास तेवढाच राहतो, पण पिळाविरुद्धचा ताठरपणा सुमारे १,८०० पटींनी घसरतो.

उघड्या टपाची गाडी म्हणजे झाकण काढलेला खोका. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळं अंग पिळतं, दारं कुरकुरतात, आणि सस्पेन्शनने कितीही नीट काम केलं तरी चाकं हवी तिथे टेकत नाहीत. म्हणून छत गेल्याची भरपाई दुसरीकडे करावी लागते. हिकमननी ती मधल्या कण्यात केली. एलिसने दारांखालच्या दोन जाड, उंच, बंद पेट्यांत केली. या पेट्यांना सिल म्हणतात. बंद पेटीचा पिळाविरुद्धचा ताठरपणा तिच्या पोटातल्या क्षेत्रफळाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे पत्रा जाड करण्यापेक्षा पेटी मोठी करणं कधीही स्वस्त पडतं, रुपयांतही आणि किलोतही.

अॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्याबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करते. वजनाच्या मानाने दोघांचा ताठरपणा जवळपास सारखाच आहे. अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या एक तृतीयांश, आणि ताठरपणाही एक तृतीयांशच. मग फायदा कुठे? जाडीत. तेवढ्याच वजनात अॅल्युमिनियमचा पत्रा जवळपास तिप्पट जाड मिळतो, आणि पत्र्याचा वाकण्याविरुद्धचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. गणित केलं तर सारख्या वजनाचा सपाट अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादी पत्र्याच्या सुमारे आठपट ताठ निघतो.

हे सेक्शन जोडायचे कसे? वेल्डिंग हे पहिलं उत्तर. पण या मिश्रधातूला ताकद मिळते ती खास तापवून आणि मुरवून, आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळची ती ताकद उतरते. दीड मिलिमीटरची भिंत त्या आचेने वाकडीही होते. गोंदाची सगळी मदार मात्र भार कोणत्या दिशेने येतो त्यावर असते. फ्रिजवरचा स्टिकर बोटाने बाजूला सरकवून पाहा, तसूभर हलणार नाही. कोपऱ्यात नख घालून सोला, सरसर निघेल. एलिसच्या चासीत म्हणून सांधे असे आखले होते की भार सरकवण्याच्या दिशेने यावा. आणि जिथून सोलणं सुरू होऊ शकतं त्या टोकांना स्क्रू बसवले होते. आमच्या आराखड्यात सर्वांत जास्त वेळ या सांध्यांच्या टोकांवरच गेला आहे. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. खाडीची खारट हवा, चार महिने पाऊस, आणि अॅल्युमिनियमला टेकलेला पोलादी बोल्ट. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे एक छोटा बॅटरीचा सेलच, आणि त्यात खाल्लं जातं ते अॅल्युमिनियम. म्हणून सेक्शनचं अॅनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवणं) आधी आणि गोंद नंतर. जिथे पोलाद लावावंच लागेल, तिथे मध्ये वीज न वाहणारा थर हवाच.

बाहेरचं अंग फायबरग्लासचं, ज्याला नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यात सगळे एफआरपी म्हणतात. साच्यावर जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मग मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई, मग रेझिन म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, आणि हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून रोलर. थोड्या गाड्यांसाठी हाच मार्ग परवडतो. पत्रा दाबायच्या साच्यांना जो खर्च येतो, तो वसूल व्हायला हजारो गाड्या विकाव्या लागतात. गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली सॅन स्टॉर्म ही दोन माणसांची छोटी गाडी अशीच फायबरग्लासच्या अंगाची होती. तिच्याबद्दल मला फार जिव्हाळा आहे, कारण मोठ्या कारखान्याशिवायही गाडी बनते हे तिने आपल्याकडे दाखवलं. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो ही छोटी स्पोर्ट्स कार मांडली होती. ती विक्रीपर्यंत पोहोचली नाही, याची हळहळ अजून वाटते.

वजन कमी झालं की त्याचं व्याज मिळत राहतं. ५० किलो उतरले की ब्रेक लहान चालतात. ब्रेक लहान झाले की चाकं लहान चालतात, मग स्प्रिंग, मग मोटर, मग बॅटरी, आणि त्यांना तोलणारी चासीही. ही साखळी उलटीही फिरते. २००८ च्या टेस्ला रोडस्टरचं उदाहरण घ्या. तिची चासी एलिसच्याच रचनेतून घेतलेली. त्यात ६,८३१ छोटे सेल असलेली सुमारे साडेचारशे किलोची बॅटरी बसवली आणि गाडी बाराशे किलोच्या पुढे गेली. विजेची गाडी वेगवान असू शकते हे जगाला पटवणं हे तिचं काम होतं आणि ते तिने चोख केलं. आम्हाला मात्र तिच्याकडून दुसरा धडा घ्यायचा आहे: बॅटरी किती मोठी ठेवायची, हे सगळ्यात आधी ठरवा.

आम्ही ठरवलं ते असं. गाडी रविवारी सकाळी ठाण्याहून लोणावळ्याला जाऊन परत यावी, साधारण १६०-१७० किलोमीटर. हलकी गाडी शंभर किलोमीटरला १२ युनिट घेईल असं धरलं (वीजबिलात असतं तेच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास), तर २० युनिट लागतात. थोडी शिल्लक ठेवून २५ युनिटची बॅटरी. पेटी, थंड ठेवायची यंत्रणा, वायरी असं सगळं धरून किलोमागे दीडशे वॅट-तास मिळाले तर तिचं वजन १६५ ते १७० किलो होतं. आणि खंडाळ्याचा घाट? खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण साडेपाचशे मीटरहून थोडी जास्त. ८५० किलोची गाडी आणि दोन माणसं तेवढी वर न्यायला दीड युनिट ऊर्जा लागते, बाकीची घर्षणं वेगळी. दोन टनांच्या गाडीला त्याच चढणीसाठी तीन युनिट. उतरताना मोटर जनित्रासारखी फिरून त्यातला बराच भाग परत मिळवते.

वळणांवर तर हलकेपणा फुकटात कामाला येतो. टायरवरचं वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच राहते. म्हणजे त्याच टायरवर हलकी गाडी तेच वळण जास्त वेगाने घेते. आणि वजन मध्यात असेल तर दिशा बदलायला वेळ लागत नाही, कारण फिरण्याला होणारा विरोध मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून आमची बॅटरी सीटच्या मागे आडवी बसते, जमिनीभर पसरत नाही. तशी पसरली असती तर माणसं वर सरकली असती आणि गाडी उंच झाली असती.

आता सुरक्षितता. इथे गोड बोलून चालणार नाही. आपल्याकडे नवीन मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून ताशी ५६ किलोमीटर वेगाने समोरून आदळण्याची चाचणी सक्तीची झाली आणि २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना. या चाचणीत हलक्या गाडीला एक दिलासा आहे. जिरवायची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तिचा चुरगळणारा पुढचा भागही हलका ठेवता येतो. पण घोडबंदर रोडवर समोर भिंत नसते, दुप्पट वजनाची एसयूव्ही असते. दोघी ताशी ५० च्या वेगाने समोरासमोर आल्या, तर जड गाडीचा वेग ३३ ने बदलतो आणि हलकीचा ६७ ने. हे न्यूटनचं गणित कोणत्याही साहित्याने बदलत नाही. आम्ही पुढच्या भागासाठी आणि दारांमधल्या आडव्या दांड्यांसाठी ३५ किलो बाजूला काढून ठेवले आहेत, आणि त्यातला एक किलोही दुसरीकडे वळवायचा नाही असं आमचं ठरलं आहे.

बाकी सगळीकडे मात्र काटेकोर मोजणी. १९६२ च्या अल्पाइन ए११० या फ्रेंच स्पोर्ट्स कारचा नवा अवतार २०१७ मध्ये आला, तेव्हा त्याच्या अभियंत्यांनी एकेक सीट १३.१ किलोवर आणली. मागच्या ब्रेकमध्येच हँडब्रेकची यंत्रणा बसवून अडीच किलो वाचवले. एअरबॅग, एसी, आजचे सगळे नियम पाळूनही ती गाडी अकराशे किलोच्या आसपास राहिली. माझदाने २०१५ मध्ये एमएक्स-५ या उघड्या टपाच्या गाडीची चौथी पिढी आधीच्या गाडीपेक्षा साधारण शंभर किलोंनी हलकी केली. नव्या गाड्या दर पिढीला जाड होत असताना हे त्यांनी केलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आमच्या यादीत एसी आहे. ठाण्यात मे महिन्यात काच खाली करून सिग्नलला उभं राहून पाहा, मग ते पंधरा-वीस किलो कुणाला खुपणार नाहीत.

सध्या आम्ही सिलवर अडलो आहोत. कागदावर तो ३० सेंटिमीटर उंच आणि १८ रुंद आहे. मागच्या रविवारी पार्किंगमध्ये प्लायवूड आणि पुठ्ठ्याचा खऱ्याखुऱ्या मापाचा सिल उभा केला, आत खुर्चीचं बसकं ठेवलं आणि बाबांना बोलावलं. त्यांचं वय बहात्तर, उजव्या गुडघ्याला त्रास. एक पाय आत टाकला, दुसरा उचलताना ते खांबाला धरून थांबले आणि म्हणाले, "नाही गं जमत." मग वरची सहा सेंटिमीटरची पट्टी कापून काढली. या वेळी ते हळूहळू का होईना, आत बसले, आणि स्टीअरिंग असतं तिथे हात धरून थोडा वेळ तसेच बसून राहिले.

सहा सेंटिमीटर गेल्याने सिलचा पिळाविरुद्धचा ताठरपणा एक चतुर्थांशाहून जास्त घटतो. तो भरून काढायला सिल सुमारे चार सेंटिमीटरने रुंद करावा लागेल किंवा दोन सीटच्या मध्ये एलानसारखा एक बंद कणा घालावा लागेल. रुंद केला तर बाबांना पाय आणखी लांब टाकावा लागेल. कण्याचं वजन पहिल्या हिशेबात नऊ किलो येतं आहे. येत्या रविवारी त्यातले तीन कमी करायला बसणार आहोत.