जेरोमचं ‘गुलामांचा बाजार’ म्हणजे फोटो नव्हे

भर बाजारात उभी नग्न बाई, आणि गिऱ्हाईक तिच्या तोंडात बोटं घालून दात तपासतंय. फ्रेंच चित्रकार जेरोमचं हे मुस्लिम देशातला बाजार दाखवणारं १८६६ चं चित्र “डोळ्यांनी बघून काढलेलं” म्हणून अजून फॉरवर्ड होतं. तसं नाहीये. तो इजिप्तला गेला होता, तिकडे गुलामगिरी होती, दोन्ही खरंच, पण चित्र पॅरिसच्या स्टुडिओत जुळवलेलं, आणि दात तपासायचा हाच प्रसंग त्याने १८५७ लाच प्राचीन काळातला म्हणून रंगवला होता! नंतर रोममधले गुलामांचे लिलावपण काढले, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. २०१९ ला जर्मनीत एएफडी या कट्टर उजव्या पक्षाने हेच चित्र मुस्लिमविरोधी प्रचाराच्या पोस्टरवर छापलं, ज्या अमेरिकन क्लार्क म्युझियमकडे मूळ चित्र आहे त्यांनी जाहीर निषेध केला, आणि बरं केलं.