१३६६ बाय ७६८: एका आखूड स्क्रीनची कुळकथा

काही जुन्या सरकारी संकेतस्थळांच्या अगदी तळाशी अजूनही एक ओळ सापडते: ‘हे संकेतस्थळ १०२४ बाय ७६८ रेझोल्यूशनवर उत्तम दिसेल.’ म्हणजे आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके (पिक्सेल). आता त्या ओळीकडे कुणी बघत नाही. पण शेताच्या बांधावर पडलेला गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेला जुना दगड, जसा जुन्या राजवटीची साक्ष देतो, तशी ही ओळ एका काळाची साक्ष देते. तेव्हा वेबसाइट बांधणाऱ्याला वाचणाऱ्याची स्क्रीन आधी गृहीत धरावी लागे. आणि स्क्रीनचा आकार ठरवताना वाचणाऱ्याला कुणीच विचारलेलं नसे.

सुरुवातीची मापं टीव्हीच्या काचेवरून आली. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए नावाच्या प्रमाणात ६४० बाय ४८० आणलं, १९९० च्या एक्सजीए प्रमाणात १०२४ बाय ७६८. दोन्हींत रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३. १९९२ चा थिंकपॅड ७००सी हा लॅपटॉप १०.४ इंची रंगीत स्क्रीनमुळे गाजला, आणि त्या स्क्रीनवरही ६४० बाय ४८० एवढेच ठिपके होते. वेबपानं रचायची साधनं त्या मानाने अगदीच अडाणी होती. मजकूर शेजारीशेजारी बसवायला लोक टेबल वापरत, म्हणजे हिशेबाच्या कोष्टकात पान कोंबत, आणि जागा सोडायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवत. सीएसएसचं, म्हणजे पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेचं, पहिलं प्रमाण डिसेंबर १९९६ मध्ये आलं, तरी ब्राउझर ते नीट पाळू लागेपर्यंत बरीच वर्षं गेली.

म्हणून पानाची रुंदी आकड्यातच पक्की करायची रीत पडली. ८०० च्या स्क्रीनला साधारण ७६० पिक्सेल, आणि १०२४ ला ९६०. या ९६० वर नेथन स्मिथ या वेब डिझायनरने २००८ मध्ये आखणीची एक पद्धतच बसवली. आकडा मोठा सोयीचा होता. २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२, १६ या सगळ्यांनी त्याला भाग जातो, त्यामुळे यांपैकी कितीही रकाने पाडा, अपूर्णांक उरत नाही. डिझायनर मंडळी खूश झाली. हे सगळं रुंदीचं गणित होतं. उंचीची काळजी कुणी केली नाही, कारण खाली स्क्रोल करता येतंच की!

आणि नेमकी उंचीच कापली गेली.

त्याच सुमारास लॅपटॉपच्या काचेचा आकार बदलत होता. तोवर बऱ्याच लॅपटॉपना १६:१० ची, १२८० बाय ८०० ची स्क्रीन असे. पॅनेल बनवणारे कारखाने एका मोठ्या काचेतून अनेक स्क्रीन कापतात. शंकरपाळे कापताना कडेचे तुकडे कमीत कमी वाया जावेत असं बघतात ना, तसंच. टीव्ही १६:९ वर गेले होते. लॅपटॉपलाही तेच माप दिलं की काच, यंत्रं, पुरवठा सगळंच स्वस्तात जुळत होतं. २००८ ते २०१० या दोन-तीन वर्षांत बाजार १३६६ बाय ७६८ ने भरून गेला. रुंदीत ८६ ठिपके वाढले आणि उंचीतले ३२ गेले.

दुकानात हे जाणवत नसे, कारण स्क्रीन कर्णाने मोजून विकतात. १४ इंच कर्णाची ४:३ स्क्रीन ११.२ बाय ८.४ इंच भरते, म्हणजे सुमारे ९४ चौरस इंच. तोच १४ इंच कर्ण १६:९ मध्ये घेतला, तर क्षेत्रफळ ८४ चौरस इंचांच्या आसपास येतं. इंच तेवढेच, काच मात्र दहा टक्क्यांहून जास्त घटली. सातवी-आठवीतलं पायथागोरसचं प्रमेय ज्यांना ‘पुढे कुठे उपयोगी पडणार?’ असं वाटलं होतं, त्यांच्यासाठी हे उदाहरण.

मुळात हा १३६६ आकडाही विचित्रच. ७६८ ला सोळाने गुणून नवाने भागलं की १३६५.३३ येतात, ते वर ढकलून १३६६ केले. त्याला आठने भाग जात नाही, म्हणून काही ग्राफिक कार्डं आपली १३६० वरच अडून बसत आणि कडांना बारीक काळी पट्टी उरे. तरीही २०१२ मध्ये स्टॅटकाउंटर या वेब-वापर मोजणाऱ्या संस्थेच्या जागतिक मोजणीत १०२४ बाय ७६८ ला मागे टाकून हीच स्क्रीन पहिली आली. उंची दोन्हीकडे ७६८ च आहे, हे लक्षात घ्या. १९९० च्या एक्सजीएची उंची बावीस वर्षांनी तशीच होती.

मराठी वाचणाऱ्याला याची झळ जास्त बसते. ७६८ मधून टास्कबार, टॅब आणि पत्त्याची पट्टी वजा केली की पानाला ६२० च्या आसपास पिक्सेल उरतात. बूटस्ट्रॅप या वेबपानांच्या तयार साच्याच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ अक्षर १४ पिक्सेलचं आणि ओळ २० पिक्सेलची होती. त्या हिशेबाने इंग्रजीच्या ३१ ओळी बसतात. देवनागरीला मात्र वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराची शेपटी, एवढं सगळं बसवायचं असतं. अक्षर १७ पिक्सेल आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या १.७ पट ठेवली, तर एक ओळ २९ पिक्सेल घेते. बसतात २१ ओळी. त्यात वर्तमानपत्री थाटाचा भलामोठा मथळा आणि सरकता फोटो डोक्यावर चढवला की वाचायला उरतो तळहाताएवढा तुकडा. म्हणून कित्येक मराठी साइटवाल्यांनी इंग्रजी साच्यातली लाइन-हाइट तशीच ठेवून ओळी दाटीवाटीने बसवल्या, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकला.

फाँटची कहाणी याला समांतर चालली होती. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर आला, आणि युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकाच संकेताने लिहिलेली, मराठी घराघरांत पोचायचा रस्ता मोकळा झाला. त्याआधी प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो नसेल तर पानभर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसे. विंडोज एक्सपीवरही सेटिंगमध्ये एक खूण करून विंडोजची सीडी घालावी लागे, तेव्हा कुठे जोडाक्षरं जुळत. अक्षरं गुळगुळीत दिसावीत म्हणून मायक्रोसॉफ्टने क्लिअरटाइप आणलं होतं. एका पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या वापरून ते अक्षराची आडवी बारकाई वाढवत असे. उभ्या दिशेने ते तेव्हा काहीच करत नव्हतं. २००९ च्या विंडोज ७ मधल्या डायरेक्टराइट या अक्षरं उमटवणाऱ्या भागात ती सोय होती. इंग्रजीचं त्यावाचून फारसं अडलं नाही. आपली अर्धी लिपी उभ्या रचलेली. १५.६ इंची १३६६ बाय ७६८ स्क्रीनवर इंचाला शंभरच ठिपके पडतात. तिथे लहान अक्षरात ‘घ’ आणि ‘ध’ मधली शिरोरेषेची फट बुजते, ‘भ’ चा ‘म’ होतो, आणि ‘वाङ्मय’ चं सर्रास ‘वाड्मय’ वाचलं जातं, कारण ‘ङ’ चा तो टिंब म्हणजे जेमतेम एक ठिपका.

ही कोंडी फुटली ती फोनमुळे. २००७ च्या आयफोनने वेबपान ९८० पिक्सेल रुंद आहे असं मानून अख्खं पान आकसून दाखवलं, आणि पानाने स्वतः आपली रुंदी सांगावी यासाठी व्ह्यूपोर्टचा टॅग दिला. मे २०१० मध्ये वेब डिझायनर इथन मार्कोट यांनी एका लेखात ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचना मांडली: पान स्क्रीनप्रमाणे आपणच बदलेल. ९६० चं राज्य तिथून ओसरू लागलं. त्याच वर्षीच्या आयफोन ४ ला इंचामागे ३२६ ठिपके होते, आणि २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोला २२०. लॅपटॉपवर छापील पुस्तकाच्या जवळ जाणारं देवनागरी मी तरी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कापलेली उंचीही हळूहळू परत आली. २०१३ चा क्रोमबुक पिक्सेल आणि २०१४ चा सर्फेस प्रो ३ हे दोघे ३:२ प्रमाणाचे; २०२० मध्ये डेलचा एक्सपीएस १३ पुन्हा १६:१० वर गेला आणि बाकीचे त्याच्या मागून. आज १४ इंचात १९२० बाय १२०० सहज मिळते, इंचाला सुमारे १६० ठिपके. दुकानदार मात्र अजून ‘फुल एचडी’ एवढंच सांगतो. तेव्हा दुसरा आकडा १०८० आहे की १२००, हे आपणच विचारावं. खोक्यावर ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते याचं एक माप) लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. फोटो-डिझाइनचं काम करायचं असेल तर ७२ टक्क्यांचं पॅनेल बघावं. आणि प्रोसेसरच्या पिढ्यांची चर्चा सुरू व्हायच्या आत काउंटरवरच एखादं मराठी पान उघडावं, झूम शंभर टक्क्यांवर आणावा, हातभर मागे सरकावं आणि ‘वाङ्मय’ मधला टिंब दिसतो का ते बघावं.