पार्श्वभूमी : फिल्म स्टडीजचं 'मायनर' आलं कुठून?

मायनर म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाच्या, म्हणजे 'मेजर'च्या, जोडीने मोजके पेपर देऊन घेतलेला दुसरा विषय. फिल्म मायनर म्हणजे पूर्ण पदवीला कात्री लावून केलेली छोटी आवृत्ती, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक विद्यापीठांत चित्रपट आधी दुसऱ्याच्या विभागात पाहुणा म्हणून आला. स्वतंत्र बिऱ्हाड त्याने बऱ्याच उशिरा थाटलं.

जुना भाग थोडक्यात. 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द १८७७-७८ मध्ये बाल्टिमोरच्या एका नव्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत आले. मेजर साधारण दोन वर्षांचं, मायनर एका वर्षाचं. मायनरमध्ये दुय्यमपणा होता तो एवढाच, मुदतीचा. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात मूकपटांचं लेखन शिकवू लागले, १९१९ मध्ये मॉस्कोत सरकारी चित्रपटशाळा निघाली, १९२९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चित्रपटाचे वर्ग भरू लागले. यात भर मुख्यतः हाताच्या कामावर. चित्रपट हा अभ्यासाचाही विषय आहे, हे ठासून सांगणारे पॅरिसमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जमले. चित्रपट शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांची संघटना तर १९५९ ची.

खरी घडामोड साठ-सत्तरच्या दशकांतली. साहित्य किंवा परकीय भाषा शिकवणारा एखादा प्राध्यापक हौसेने चित्रपटाचा एक पेपर सुरू करी. १६ मिमीची प्रिंट भाड्याने यायची आणि दोन-तीन दिवसांत परत जायची. वर्गाला चित्रपट एकदाच दिसे, टिपणं अंधारात घ्यावी लागत. साध्या प्रोजेक्टरवर एखादी चौकट थांबवून दाखवावी, तर दिव्याच्या उष्णतेने फिल्म जळायची. मग परीक्षेत काय विचारणार? आठवणीत टिकेल तेवढंच : कथानक, आशय, दिग्दर्शकाची दृष्टी. सुरुवातीचे चित्रपटाचे पेपर कादंबरीच्या पेपरसारखे दिसतात, त्यात सिद्धान्ताचा वाटा आहेच. पण माझ्या मते प्रोजेक्टरचा वाटा अधिक.

सत्तरच्या दशकात चिन्हमीमांसा (चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचा अभ्यास) आणि मनोविश्लेषण आलं, त्यावर ढिगाने लिहिलं गेलंय. मायनरच्या दृष्टीने मोठा बदल घडवला व्हिडिओ कॅसेटने, आणि १९९० च्या दशकाअखेर डीव्हीडीने. आता मागे-पुढे करता येऊ लागलं. विद्यार्थी एका प्रसंगाचा तक्ता करायला बसला : शॉट क्रमांक, सेकंद, कॅमेऱ्याची हालचाल, आवाज. तीन मिनिटांच्या प्रसंगाला चाळीस ओळी, आणि सतराव्या ओळीत लक्षात येतं की दाराचा आवाज दार दिसण्याआधीच आलाय. यासाठी स्टुडिओ लागत नाही. टीव्ही, प्लेअर आणि ग्रंथालयाचा एक कोपरा पुरतो. वेगळ्या विभागाचा खर्च न करता चार-पाच विभागांतले पेपर एकत्र बांधून मायनर उभं करणं विद्यापीठांना सोपं झालं ते यामुळे.

याच बांधणीत वादाचं मूळ आहे : कॅमेरा आणि संकलनाचे पेपर मायनरमध्ये धरायचे की नाही? अनेक ठिकाणी इतिहास आणि सिद्धान्त सक्तीचे, प्रात्यक्षिकाचा फार तर एखादा पेपर चालतो, काही ठिकाणी तोही नाही. दिलं जाणारं कारण असं की मायनरमध्ये पाच-सहाच पेपर. त्यातले दोन कॅमेऱ्यात गेले तर मूकपटांपासून आजपर्यंतचा सगळा इतिहास एका सत्रात कोंबावा लागतो. मुद्दा खोटा नाही. पण मोजके कॅमेरे, संकलनाच्या त्याहून मोजक्या जागा, आणि त्यांवर मेजरवाल्यांचा पहिला हक्क, ही अडचणही तितकीच खरी होती, नियमावलीत मात्र ती कधी लिहिली गेली नाही. आज कॅमेरा आणि संकलन दोन्ही खिशातल्या फोनमध्ये आहे. नियम मात्र बऱ्याच ठिकाणी जुनाच आहे.

नावाचा गोंधळ त्यात भर घालतो. 'फिल्म', 'सिनेमा', 'स्क्रीन', 'मीडिया' : पाटी बदलली की कोणता पेपर मोजायचा तेही बदलतं. त्या १९५९ च्या संघटनेनेही २००२ मध्ये आपल्या नावात 'मीडिया' घातलं. टीव्ही मालिका आणि व्हिडिओ गेमचे पेपर मायनरच्या यादीत आले ते याच वाऱ्यावर.

आणि आता व्हिडिओ-निबंध. चित्रपटाचेच तुकडे जोडून त्यावर भाष्य करायचं; २०१४ पासून अशा निबंधांचं, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेलं नियतकालिकही निघतं. तो समीक्षा म्हणून मोजायचा की प्रात्यक्षिक म्हणून, यावर विभागाविभागांत एकमत नाही. विचारणारा विद्यार्थी साहित्याचा किंवा जीवशास्त्राचा असतो, आणि त्याला हवं असतं एवढंच : हे क्रेडिट धरणार का?