युरोपीय कामाचा व्हिसा (कोल्हापूर जिल्हा)

युरोपातील देशात पगारी नोकरी करण्यासाठी परकीय नागरिकास मिळणारा दीर्घ मुदतीचा प्रवेश-परवाना. शेंगेन गटात (आपापसांत सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा गट) तो ‘डी’ वर्गाचा असून ज्या देशात काम करायचे तोच देश तो देतो. १८० दिवसांत ९० दिवसांच्या मुक्कामाचा ‘सी’ वर्गाचा व्हिसा सामान्यतः नोकरीसाठी चालत नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः जर्मनीचा विचार केला आहे.

भारतीय कामगारांच्या जर्मनीतील प्रवेशाचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. पुष्कळदा २००० सालची संगणकतज्ज्ञांसाठीची ‘ग्रीन कार्ड’ योजना हा प्रारंभबिंदू मानतात. तथापि केरळातील परिचारिका साधारण १९६० च्या दशकातच चर्चसंस्थांच्या मार्फत तेथे गेल्या होत्या. त्यामुळे आरंभ मागे नेणे अधिक सयुक्तिक दिसते. इटली (१९५५), तुर्कस्तान (१९६१) इत्यादींशी जर्मनीने कामगारभरतीचे करार केले, त्यांत भारत नव्हता, आणि १९७३ मध्ये ती भरतीही थांबली. सध्याची चौकट १ मार्च २०२० पासून अमलात आलेल्या कुशल कामगार स्थलांतर कायद्याची असून २०२३-२४ मध्ये ती बरीच सैल झाली. पदवीधरांसाठीच्या ‘ब्लू कार्ड’ या काम व वास्तव्याच्या परवान्याला २०२५ मध्ये वार्षिक ४८,३०० युरो पगाराची अट होती, टंचाईच्या व्यवसायांत ती कमी आहे.

कोल्हापूर परिसरातील शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री आणि मशीनशॉपमधील कारागिरांच्या दृष्टीने मार्च २०२४ ची सुधारणा सर्वांत महत्त्वाची. तिच्यानुसार आपले प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाच्या तोडीचे आहे हे (जर्मन समकक्षता) सिद्ध न करताही व्हिसा मिळू शकतो, मात्र मायदेशी शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांतील दोन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगार (२०२५ मध्ये ४३,४७० युरो, सामूहिक वेतनकरार पाळणाऱ्या मालकाकडे सवलत) आवश्यक आहे. आयटीआयचे फिटर, टर्नर, मशिनिस्ट व इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर आणि फाउंड्रीमन हे एक वर्षाचे. परिणामी ज्या ओतकामावर कोल्हापूर शहर उभे राहिले, त्याचेच प्रमाणपत्रधारक या दारात अडतात. हा अडथळा कारागिराच्या कौशल्याचा नसून अभ्यासक्रमाच्या कालावधीचा आहे. पुढे केलेली ॲप्रेंटिसशिप या दोन वर्षांत मोजली जाईल, असे गृहीत धरणे जोखमीचे ठरेल. जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्याची मुभा देणाऱ्या ‘संधी कार्ड’लाही (जून २०२४ पासून) पदवी किंवा दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची अट आहे. अशा तरुणांना विद्यावेतनासह तीन वर्षांच्या आसपास चालणारे जर्मन व्यवसायशिक्षण, म्हणजे ‘आउसबिल्डुंग’, हा मार्ग उरतो. त्याला साधारणतः बी-१ (मध्यम) पातळीची जर्मन भाषा लागते. तिची परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते.

अनुभवपत्रावर कामाचे स्वरूप आणि रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा स्पष्ट हव्यात. ठेकेदाराकडे रोख पगारावर राबलेल्यांची येथेच कोंडी होते. भविष्यनिर्वाह निधीचा उतारा असल्यास पुराव्याला बळ येते. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात (सरकारी कागदपत्रांच्या खरेपणाची एका शिक्क्याने परस्पर मान्यता देणारा करार) सामील झाला, परंतु जर्मनीने त्यावर हरकत घेतल्याने या दोन देशांत तो लागू नाही. म्हणून जर्मनीसाठी अपोस्टिलचे पैसे देण्यापूर्वी दूतावासाची कागदपत्रांची यादी पाहावी. पदवीची मान्यता ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसूचीत पाहता येते. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. राष्ट्रीय व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटास १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली नोंदणी सक्तीची असून उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकी आहे. युरोपीय देश ईसीआर यादीत (उत्प्रवास मंजुरी आवश्यक असलेल्या देशांची यादी) नसल्याने उत्प्रवास मंजुरी लागत नाही. म्हणून एजंटाची नोंदणी तपासण्याचे काम उमेदवारावरच येते. केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. सात-बारा गहाण ठेवून लाखो रुपये मोजण्यापूर्वी ती पाहणे अगत्याचे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. इटलीत सरकार कोटा ठरवते आणि मालकाने ‘नुल्ला ओस्ता’ ही पूर्वमंजुरी आधी मिळवावी लागते. पोलंडमध्येही वर्क परमिटचा अर्ज मालकच करतो.