अधिजनुकीय नियंत्रण, वनस्पतिरोगकारक कवकांतील

डीएनएचा मूळ क्रम तसाच राहून रोगकारक कवकाची जनुके मूक किंवा कार्यशील ठेवणारी व्यवस्था. अधिजनुकशास्त्राची संकल्पना कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये मांडली. अनेक कवकांत डीएनएचे मेथिलीकरण (मेथिल गट जोडला जाणे) अत्यल्प असल्याने येथे मुख्यतः डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणा अभ्यासल्या जातात.

गोव्यातील भातशेतीला परिचित असलेला करपा हे याचे जवळचे उदाहरण होय. सरद (खरीप) हंगामात पावसाने वा वायंगणात (रब्बी) पहाटेच्या दवाने पान ओले राहिले की मॅग्नापोर्थे ओरायझी या कवकाचा बीजाणू रुजतो, त्याच्या टोकाशी पानाला घट्ट चिकटणारी घुमटाकार पेशी तयार होते आणि मेलॅनिनच्या थरामुळे तीत सुमारे ८० वातावरणांइतका दाब साठून पानाची त्वचा भेदली जाते; पुढे डोळ्याच्या आकाराचे, मध्यभागी राखाडी व कडेने तपकिरी ठिपके दिसू लागतात. ट्रायसायक्लाझोल हे कवकनाशक याच मेलॅनिनची निर्मिती रोखते. शिरकावानंतर कवक भाताची प्रतिकारशक्ती दडपणारी इफेक्टर प्रथिने स्रवते. कृत्रिम माध्यमावर वाढताना मात्र त्यांची बरीच जनुके एच-३ हिस्टोनच्या २७ व्या स्थानावरील लायसीन या ॲमिनो आम्लाच्या त्रिमेथिलीकरणाखाली (तीन मेथिल गटांच्या खुणेखाली) मूक असतात.

ही खूण पुसली जाणे हे जनुक कार्यशील होण्याचे कारण की परिणाम, याविषयी मतभेद आहेत. खूण उमटविणारे केएमटी-६ हे एंझाइम काढून टाकल्यावर गव्हाच्या ओंब्यांवरील फ्युजेरियम ग्रॅमिनिॲरममध्ये दुय्यम चयापचयाची (वाढीस अनिवार्य नसलेली, विषांसारखी संयुगे बनविणारी) अनेक जनुके आपोआप कार्यशील झाली (२०१३). मोहरीकुळातील पिकांवरील लेप्टोस्फेरिया मॅक्युलन्समध्ये त्याच हिस्टोनच्या नवव्या स्थानावरील लायसीनची खूण क्षीण केल्यावर इफेक्टर जनुके आश्रयी वनस्पती नसतानाही व्यक्त झाली (२०१४). यावरून पहिला पक्ष बळकट ठरतो. तथापि करप्याच्या कवकात केएमटी-६ नसतानाही संसर्गकाळी चालू होणाऱ्या जनुकांपैकी काहीच जागृत होतात. म्हणून खूण हा केवळ अटकाव असून प्रत्यक्ष चालना अन्य नियामक प्रथिनांकडून मिळते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

विषनिर्मितीची जनुके बहुधा रंगसूत्रावर लगतच्या गटांत असतात. ॲस्परजिलसमध्ये २००४ मध्ये वर्णिलेले एलएई-ए हे प्रथिन अशा गटांचे व्यापक नियमन करते. मक्यावरील कॉक्लिओबोलस कार्बोनमचे एचसी विष तर आश्रयी वनस्पतीच्याच हिस्टोनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमांना रोखते. हे विष निष्प्रभ करणारे मक्याचे एचएम-१ हे १९९२ मध्ये वेगळे केलेले वनस्पतींतील पहिले रोगप्रतिकारक जनुक होय.